परस्परविरोधी साक्षी कशा तोलाव्यात: होनोलुलूच्या १९३१ च्या खटल्यावरून

वसाहतकाळातला बलात्काराचा एखादा खटला अभ्यासाला घेतला की वाचणारा पहिल्याच पानावर विचारतो: ती खरं बोलत होती की खोटं? प्रश्न रास्त आहे, पण घाईचा आहे. अशा तक्रारीच्या गाठोड्यात चार-पाच वेगळी विधानं बांधलेली असतात. मारहाण झाली, अत्याचार झाला, अमुक जागी झाला, अमुक वेळी झाला, अमक्यांनी केला. यातलं एक शाबीत झालं म्हणून बाकीची आपोआप शाबीत होत नाहीत आणि एक कोसळलं म्हणून सगळी कोसळत नाहीत. वसाहतींमधल्या कोर्टांनी आणि वर्तमानपत्रांनी हे गाठोडं बहुतेक वेळा सोडलंच नाही, कारण ते बांधलेलं राहण्यात कुणाची तरी सोय होती.

पद्धत समजावण्यासाठी मी हवाईतला मॅसी खटला घेतो आहे. त्याचे कागद भरपूर आहेत: पोलिसांपुढचे जबाब, दोन खटल्यांतल्या साक्षी आणि वर एक स्वतंत्र चौकशी अहवाल. शिवाय आपल्याकडच्या खटल्यांबद्दल वाचताना आपली बाजू जातीवरून, गावावरून, पुढाऱ्यावरून आधीच ठरून गेलेली असते. होनोलुलूबाबत ती अडचण निदान कमी आहे.

खटला काय होता

हवाईच्या राणीला १८९३ मध्ये पदच्युत केलं गेलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. १९३१ साली तिथे साखर कंपन्या, गोरे व्यापारी आणि पर्ल हार्बरचं नौदल यांची चलती होती. बहुसंख्य लोक मात्र हवाईयन, जपानी, चिनी, फिलिपिनो वंशाचे होते.

१२ सप्टेंबर १९३१, शनिवारची रात्र. वायकीकी भागातल्या अला वाय इनमध्ये नौदल अधिकाऱ्यांची पार्टी चालू होती. पाणबुडी दलातले लेफ्टनंट थॉमस मॅसी यांची वीस वर्षांची बायको थालिया तिथे एका अधिकाऱ्याशी भांडली, त्याच्या थोबाडीत मारली आणि एकटीच बाहेर पडली. रात्री एकच्या सुमारास अला मोआना रस्त्यावर तिने एक गाडी थांबवली. आतल्या लोकांना तिने आधी विचारलं, तुम्ही गोरे आहात का? तिचा चेहरा सुजला होता, जबडा मोडला होता. हवाईयन पोरांनी मारलं, एवढंच तिने सांगितलं. पोलिसांकडे नको, घरी सोडा म्हणाली. पुढे नवरा घरी आल्यावर तिने अत्याचाराची हकीकत सांगितली आणि पावणेदोनच्या सुमारास त्याने पोलिसांना कळवलं.

त्याच रात्री किंग आणि लिलीहा रस्त्यांच्या चौकात दोन गाड्या एकमेकींना घासता घासता वाचल्या. एकीत ॲग्नेस पीपल्स ही हवाईयन बाई आणि तिचा गोरा नवरा होता. दुसरीत होरेस इडा, जोसेफ कहाहावाई, बेन अहाकुएलो, हेन्री चँग आणि डेव्हिड टाकाई ही पाच स्थानिक पोरं होती. शिवीगाळ झाली, कहाहावाईने ॲग्नेसला मारलं. तिने गाडीचा नंबर टिपला आणि तडक पोलीस मुख्यालय गाठलं. अशी स्थानिक पोरांनी भरलेली एक गाडी पोलिसांच्या हाती आयतीच आली आणि थोड्या वेळाने मॅसी बाईंची तक्रार येऊन तिला चिकटली.

आधी गाठोडं सोडा

कोरा कागद घ्या आणि तक्रारीतलं प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर लिहा. थालियावर हिंसा झाली का? लैंगिक अत्याचार झाला का? कुठे? किती वाजता? किती जणांनी? त्यांत हे पाच जण होते का? प्रत्येक ओळीला आपापला पुरावा जोडा. पहिल्या ओळीपुढे मोडलेला जबडा आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शेवटच्या ओळीपुढे काय आहे, ते पुढे येईलच.

हे यांत्रिक वाटेल, पण याने मोठा गोंधळ वाचतो. या खटल्याबद्दल लिहिणारे दोन गट पडतात. एक म्हणतो, तिला मार लागला होता म्हणजे ती खरं बोलत होती. दुसरा म्हणतो, ते पाच जण निर्दोष होते म्हणजे ती लबाड होती. दोघंही पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर उडी मारतात.

प्रत्येक साक्षीची सर्वांत जुनी आवृत्ती शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कोर्टातली साक्ष ही शेवटची आवृत्ती असते. तिच्याआधी तीच गोष्ट त्या माणसाने कितीदा, कुणाला, कुणाच्या समोर सांगितली? आणि तोवर त्याच्या कानावर काय काय पडलं होतं? हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि बहुतेकदा खरी मेख तिथेच असते.

थालियाच्या बाबतीत रकाने असे भरतात. गाडीतल्या अनोळखी लोकांना तिने मारहाण सांगितली, अत्याचार नाही. पोलिसांशी पहिल्यांदा बोलताना म्हणाली की अंधार होता, चेहरे ओळखता येणार नाहीत, गाडीचा नंबर पाहिला नाही, आणि पोरं हवाईयन होती. त्यानंतर इस्पितळात असताना आजूबाजूला पोलिसांची ये-जा चालू होती, ॲग्नेसने दिलेल्या नंबरची चर्चा चालू होती. मग तिने नंबर सांगितला: ५८-८०५. इडाच्या गाडीचा नंबर होता ५८-८९५. एका आकड्याचा फरक.

सरकार पक्षाने ही जुळणी मोठी करून दाखवली. पण रकान्यांकडे पाहिलं की प्रश्न पडतो, आधी न दिसलेला नंबर इस्पितळात दिसला कसा? ऐकलेला आकडा आठवणीत मिसळून गेला असण्याची शक्यता इथे जास्त आहे. आणि असं मिसळायला खोटं बोलायचा हेतू लागत नाही. जबडा मोडलेली, भेदरलेली, रात्रभर न झोपलेली बाई, आणि भोवती तिला मदत करू पाहणारे पोलीस, एवढं पुरतं.

कोर्टात तपशील आणखी वाढले. अंधारात न दिसलेल्या चेहऱ्यांमधला एका आरोपीचा सोन्याचा दातही तिच्या साक्षीत आला. तपशील काळानुसार ठसठशीत होत गेले, तर वाचणाऱ्याने सावध व्हावं. आठवण सहसा उलट्या दिशेने जाते.

पण एका ठिकाणी हा नियम आंधळेपणाने लावू नका. पहिल्यांदा बलात्काराबद्दल न बोलणं हा ‘विसंगतपणा’ मानायची सवय वसाहतीच्या वकिलांना होती, आजच्यांनाही आहे. अनोळखी माणसांच्या गाडीत, रात्री एक वाजता, मोडक्या जबड्याने कोण बाई ते सांगेल? उशिराने सांगितलेला अत्याचार आणि उशिराने आठवलेला गाडीचा नंबर यांचं वजन एका काट्यावर करता येत नाही. पहिल्यात लाज आणि भीती आड येतात. दुसऱ्यात आड येण्यासारखं काही नव्हतं.

मुंबई इलाख्यातले खटले वाचणाऱ्यांनी इथे एक ध्यानात ठेवावं. आपल्याकडे साक्षीचे साधारण तीन थर सापडतात: पोलिसांपुढचा जबाब, मॅजिस्ट्रेटपुढची जबानी आणि सेशन्स कोर्टातली साक्ष. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरांत न लिहिता सलग कथन म्हणून नोंदली जाई. त्यामुळे ‘मी ओरडले नाही’ असं वाक्य दिसलं तर ते बाईने आपणहून सांगितलं की वकिलाने खोदून विचारल्यावर नुसती मान हलवली, हे कागदावरून कळत नाही. अशा वाक्यांवर इमारत उभी करू नका.

वेळांचा तक्ता मांडा, पण खुंट्या बाहेरच्या ठोका

वेळापत्रक सगळेच करतात. चूक होते ती आरोपी किंवा फिर्यादी यांनी सांगितलेल्या वेळा आधी भरण्यात. आधी अशा वेळा भरा ज्या खटल्याशी संबंध नसलेल्या माणसांनी किंवा नोंदींनी दिल्या आहेत.

इथे अशा खुंट्या मिळतात. वायकीकी पार्कमधला नाच मध्यरात्रीच्या सुमारास संपला, आणि पाचही जण तिथे होते असं पाहणारे लोक होते. बाराच्या पुढे दहा-पंधरा मिनिटांनी जॉन एना रस्त्यावर हिरव्या पोशाखातली एक गोरी बाई चालत जाताना काही जणांनी पाहिली आणि तिच्या मागे एक गोरा माणूस होता. साडेबाराच्या थोडं पुढे किंग-लिलीहा चौकातली बाचाबाची, जी लगेच पोलीस मुख्यालयात पोचली. एकला थोडा वेळ असताना थालिया अला मोआना रस्त्यावर सापडली.

आता सरकार पक्षाची गोष्ट या खुंट्यांमध्ये बसवून पाहा. बाई सव्वाबाराला जॉन एना रस्त्यावर होती असं धरलं, तर तिला उचलणं, अला मोआनाला नेणं, तिने सांगितलेला सगळा प्रकार आणि मग शहर ओलांडून चौकात पोचणं हे वीस-पंचवीस मिनिटांत उरकायला हवं. ते बसत नाही. ती बरीच आधी निघाली असं धरलं, तर त्या वेळी आरोपी नाचाच्या जागी होते. एक टोक सोडवायला जावं तर दुसरं अडकतं.

आणि गंमत म्हणजे थालियाने आधी सांगितलेली निघण्याची वेळ खटला उभा राहीपर्यंत मागे सरकून अकरा पस्तीसवर आली होती. अशी सरकलेली वेळ दिसली की ती कोणत्या दिशेने सरकली आणि त्या सरकण्याने कुणाचा अडथळा दूर झाला, एवढं टिपा. ती कुणी सरकवली याचा अंदाज बांधायची गरज नाही.

पाच-दहा मिनिटांच्या फरकावर कधीही निकाल देऊ नका. १९३१ साली लोक घड्याळ पाहून भांडत नव्हते. फरक वीस मिनिटांच्या पुढे गेला आणि दोन वेगळ्या बाजूंनी तोच निघाला, तरच त्याला वजन द्या.

कुणाची साक्ष स्वतःच्याच हिताविरुद्ध जाते

मला या खटल्यातली सर्वांत वजनदार साक्ष ॲग्नेस पीपल्सची वाटते. तिने या पोरांचा मार खाल्ला होता. त्यांना वाचवायचं तिला काहीही कारण नव्हतं. उलट ते तुरुंगात गेले असते तर तिला बरंच वाटलं असतं. तरीही तिनेच नोंदवलेल्या तक्रारीमुळे ते साडेबाराच्या पुढे कुठे होते हे पक्कं होतं. शिवाय थालियाचं नाव कुणी ऐकण्याआधी ती तक्रार झाली होती, म्हणजे ती मागाहून रचायला वावच नव्हता.

मित्राने दिलेली साक्ष आणि वैऱ्याच्या तोंडून निघालेली साक्ष यांत हा फरक. आरोपींच्या दोस्तांनी ‘आम्ही बरोबर होतो’ म्हटलं तर ज्युरी खांदे उडवते. म्हणून कागद चाळताना आरोपीच्या विरोधकांनी, फिर्यादीच्या मैत्रिणींनी, पोलिसांतल्याच एखाद्याने आपल्या बाजूच्या विरुद्ध काय सांगितलं ते वेगळं काढून ठेवा.

डॉक्टरांचा पुरावा

थालियाचा जबडा मोडला होता हे डॉक्टरांनी सांगितलं. तिच्यावर बलात्कार झाल्याच्या ठोस खुणा मात्र तपासणीत मिळाल्या नाहीत. बचाव पक्षाने यावर भर दिला.

इथे सांभाळा. खुणा नसणं म्हणजे अत्याचार नसणं, हे समीकरण वसाहतीच्या वैद्यक-न्यायशास्त्राने घट्ट रुजवलं आणि ते आपल्या अंगवळणी पडलं. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं उलटली तरी ते गेलं नव्हतं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली अंगावर जखमा नसण्याचा अर्थ संमती असा लावला आणि दोन पोलीस सुटले. त्यावर उठलेल्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला. म्हणून मॅसी खटल्यातही वैद्यकीय तपासणीचं उत्तर ‘झाला नाही’ असं लिहू नका. ‘तपासणीवरून ठरत नाही’ असं लिहा.

पोलिसांनी हात लावलेला पुरावा

अला मोआनाच्या जागी इडाच्या गाडीच्या टायरचे ठसे मिळाले असं सांगण्यात आलं. पुढे निघालं की पोलिसांनीच ती गाडी तपासासाठी तिथे नेली होती. मग ठसे कुणी उमटवले? असा पुरावा शून्यात जमा करा आणि पुढे चला.

ओळखपरेडचंही तसंच. एका रांगेत बऱ्याच पोरांमध्ये उभं करून नव्हे, तर पकडलेले संशयित म्हणून त्यांना तिच्यापुढे आणण्यात आलं. ‘हेच का ते?’ असं विचारायची ही रीत, आणि तिचं उत्तर बहुतेक ‘होय’ येतं. तिने सुरुवातीला सगळे हवाईयन म्हटलं होतं. पकडलेल्यांत इडा आणि टाकाई जपानी वंशाचे होते, याचाही कुणी फारसा विचार केला नाही.

चारित्र्याचे कागद बाजूला ठेवा

दोन्ही बाजूंचे. आरोपींपैकी काहींच्या नावावर आधीचे गुन्हे होते, आणि गोऱ्या वर्तमानपत्रांनी त्यांची नावं छापून, बाईचं नाव झाकून, त्यांना राक्षस ठरवून टाकलं. दुसऱ्या बाजूला, कहाहावाईच्या खुनाच्या पुढच्या खटल्यात (तो खाली येतो) सरकारी वकील जॉन केली यांनी थालियाने विद्यापीठात भरून दिलेली मानसशास्त्राची एक खासगी प्रश्नावली तिच्या हातात ठेवली. तिने कोर्टातच तिचे तुकडे तुकडे केले. वाचकाला हा प्रसंग आवडतो, लेखकाला त्याहून जास्त. पण १२ सप्टेंबरच्या रात्रीबद्दल त्या फाटलेल्या कागदाने काही सांगितलं का? काहीही नाही.

भारतात तर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५५(४) ने बलात्काराच्या फिर्यादी बाईचं ‘सर्वसाधारण अनैतिक चारित्र्य’ दाखवून तिची विश्वासार्हता पाडायची मुभा लिहूनच दिली होती. ते कलम २००३ मध्ये गेलं. त्यामुळे आपल्या जुन्या खटल्यांत उलटतपासणीची पानंच्या पानं याच चिखलात गेलेली दिसतील. वाचा जरूर, त्यातून समाज कळतो. निष्कर्षाच्या तक्त्यात मात्र घेऊ नका.

कबुली कुणाच्या तोंडून आली

पहिल्या खटल्यातल्या मिश्र वंशाच्या ज्युरीचं ९७ तास चर्चा करूनही एकमत झालं नाही आणि ६ डिसेंबरला खटला निकालाविना संपला. नौदलाचा जळफळाट झाला. तिथले प्रमुख रिअर ॲडमिरल येट्स स्टर्लिंग यांनी तर, त्या नराधमांना झाडाला लटकवावं हा आपला पहिला विचार होता, असं स्वतःच पुढे लिहून ठेवलं. आठवड्याभरात इडाला पळवून नेऊन बेदम मारण्यात आलं. ८ जानेवारी १९३२ ला थालियाची आई ग्रेस फोर्टेस्क्यू, थॉमस मॅसी आणि दोन खलाशी यांनी खोटं समन्स दाखवून कहाहावाईला कोर्टाबाहेरून पळवलं. त्यांच्या घरात त्याला गोळी लागली. प्रेत चादरीत गुंडाळून नेताना ते पकडले गेले.

खुनाच्या खटल्यात मॅसींनी सांगितलं की पिस्तूल रोखल्यावर कहाहावाईने गुन्हा कबूल केला आणि पुढचं आपल्याला आठवत नाही. ही कबुली कितीतरी लेखांत अजून पुरावा म्हणून येते. तोलून पाहा: बोलणारा मेलेला, ऐकणारा त्याच्या खुनाचा आरोपी, कबुली त्याच्या बचावाचा कणा, आणि तीही पिस्तुलाच्या टोकावर. त्यात भर म्हणजे त्या दोन खलाशांपैकी अल्बर्ट जोन्सने १९६६ साली सांगितलं की गोळी आपणच झाडली होती. मग मॅसींच्या साक्षीतलं उरतं काय?

क्लॅरन्स डॅरोसारखा नामांकित वकील असूनही चौघांवर सदोष मनुष्यवध शाबीत झाला, दहा वर्षांची शिक्षा झाली. ४ मे १९३२ रोजी गव्हर्नर लॉरेन्स जड यांनी ती एका तासावर आणली. तो तास त्यांनी गव्हर्नरच्याच कचेरीत काढला. या निकालावरून मूळ तक्रारीबद्दल काही अनुमान काढू नका. तो सत्तेचा हिशेब होता.

मागाहून झालेली चौकशी कशी वाचावी

जड यांनीच पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेकडून चौकशी करवून घेतली. ऑक्टोबर १९३२ मध्ये आलेल्या अहवालाने म्हटलं की वेळा पाहता हे पाच जण तो गुन्हा करूच शकत नव्हते. फेब्रुवारी १९३३ मध्ये उरलेल्या चौघांवरचे आरोप मागे घेण्यात आले. हा अहवाल वजनदार आहे, कारण तो गोऱ्या गव्हर्नरने मागवला होता आणि निष्कर्ष त्याच्या वर्गाला गैरसोयीचा निघाला. तरी निष्कर्षाच्या ओळीवर न थांबता त्यातला पुरावा आपल्या तक्त्याशी ताडून पाहा. इथे तो जुळतो.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक ओळीला वेगळा दर्जा द्या: शाबीत, बहुधा, ठरत नाही, बहुधा नाही, नाही. या खटल्याचा माझा तक्ता असा आहे. थालियावर त्या रात्री गंभीर हिंसा झाली: शाबीत. लैंगिक अत्याचार झाला का: ठरत नाही. या पाच जणांनी केला का: नाही. तिने मुद्दाम खोटं रचलं का: ठरत नाही, काही तपशील तिच्या साक्षीत बाहेरून आले: बहुधा. जॉन एना रस्त्यावर मागे चालणारा गोरा माणूस कोण होता, याचे तर्क अनेकांनी लढवले आहेत. तर्क तळटीपेत जाऊ द्या, ओळीपुढे ‘ठरत नाही’ एवढंच लिहा. आणि कहाहावाईचा उल्लेख करताना त्याच्या नावामागे ‘संशयित’ लावायची जी सवय अजून दिसते, ती तेवढी सोडा.